गप्प झालेला ट्रान्समीटर : एक प्रस्तावना

26 जुलै 2005 च्या पावसाची आठवण निघाली की मुंबईत एकच आकडा सांगितला जातो : सांताक्रूझ, 944 मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ती जेमतेम 74 मिलिमीटरची. हवामान खात्याच्या वर्गवारीत 74 मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’ पाऊस. मुंबईकराच्या अंगवळणी पडलेला. या दोन वेधशाळांमध्ये सरळ रेषेत वीसेक किलोमीटरचं अंतर आहे. एकीकडे विमानतळ पाण्याखाली गेला, मिठी नदीनं वस्त्या गिळल्या, शेकडो माणसं गेली आणि दुसरीकडे दक्षिण मुंबईतली कार्यालयं संध्याकाळपर्यंत चालू होती. विहार तलावाजवळच्या मापकानं तर हजार मिलिमीटरचा टप्पाही ओलांडला होता.

नकाशावर सांताक्रूझपासून तेवढंच अंतर उत्तरेला मोजलं की काशीगाव येतं.

मिरा-भाईंदरचा हा पूर्वेकडचा भाग. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला घोडबंदर आणि वसईची खाडी, पश्चिमेला भाईंदरची मिठागरं आणि त्यांच्याही पलीकडे उत्तनचा किनारा. मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो आणि आता मेट्रो 9 च्या मार्गावर ‘काशीगाव’ नावाचं स्थानकही उभं आहे. समुद्रावरून आलेला ढग इथे खाडी, इमारती आणि डोंगर अशा तीन वेगळ्या जमिनींवरून काही मिनिटांत पुढे सरकतो. सांताक्रूझच्या आकड्यावरून कुलाब्याचा पाऊस कळला नाही, तसा काशीगावचाही कळणार नाही. शिवाय पाऊस दर वेळी एकाच बाजूला झुकतो असंही नाही. 5 ऑगस्ट 2020 ला चित्र नेमकं उलटं होतं. त्या चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे 332 मिलिमीटर पडला, तर सांताक्रूझला त्याच्या निम्म्याच्या आसपास. वारा कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता.

म्हणून गच्चीवरच्या छोट्या हवामान केंद्राला अर्थ आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकचं नरसाळं, वाऱ्यावर फिरणारे तीन कप, दिशा दाखवणारं पातं, तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर झाकणारी पांढऱ्या थाळ्यांची उतरंड, वर हाताच्या पंज्यात मावेल एवढं सोलर पॅनल. हे सगळं एका खांबावर बसवलेलं असतं. आणि या सगळ्यांची गोळाबेरीज करून खालच्या मजल्यावरच्या डिस्प्लेपर्यंत रेडिओ लहरींनी पोचवणारा एक छोटा ट्रान्समीटर असतो. डेव्हिस, इकोविट, ब्रेसर अशा कंपन्यांची केंद्रं हौशी निरीक्षक, शाळा, बागायतदार वापरतात. पुढची पानं त्या ट्रान्समीटरविषयी आहेत, म्हणजे तो बंद पडल्यावर काय करायचं याविषयी. तो बहुधा ऐन पावसात, तेही रात्री बंद पडतो. म्हणजे ज्या रात्रीच्या आकड्यासाठी केंद्र बसवलं, तीच रात्र कोरी राहते.

उपकरणांची निगा हा या किनाऱ्यावरच्या हवामानशास्त्राचा जुना भाग आहे. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. भारतीय हवामान खातं त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानं, 1875 मध्ये स्थापन झालं. कुलाब्याला चुंबकीय नोंदीही होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी त्या ट्रामच्या विजेनं नोंदी बिघडतील हे ओळखलं आणि चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली गेली. अलिबागची ती वेधशाळा आजही चालू आहे. परिसर बदलला तर आकडा बदलतो, आणि आकडा टिकवायचा तर माणसाला हालचाल करावी लागते, हे त्यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी करून दाखवलं.

पुण्याचं नावही इथे घ्यायलाच हवं. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तिथल्या उपकरण विभागात 1948 मध्ये ॲना मणी रुजू झाल्या. तोवर साध्या पर्जन्यमापकासाठीही परदेशाकडे पाहावं लागे. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, इथेच ती बनवायला सुरुवात केली आणि प्रत्येक उपकरण तपासून मगच बाहेर पाठवायची शिस्त घातली. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं त्यांनी उभं केलं. गच्चीवरच्या चिमुकल्या सोलर पॅनलला जुलैत किती ऊन मिळेल, या प्रश्नाचा भारतातला पहिला पद्धतशीर अभ्यास याच कामातून सुरू होतो.

आज महाराष्ट्रात आकड्यावर पैसाही अवलंबून आहे. ‘महावेध’ प्रकल्पातून 2017 पासून राज्यातल्या दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत कोकणातल्या आंबा-काजू बागायतदाराला भरपाई मिळायची की नाही, हे मंडळातल्या केंद्रानं अवकाळी पाऊस, चढलेलं किंवा उतरलेलं तापमान आणि वाऱ्याचा वेग काय नोंदवला यावर ठरतं. बागायतदार गळालेला मोहोर डोळ्यांनी पाहतो. विमा कंपनी आकडा पाहते. 2023 मध्ये केंद्र सरकारनं ‘विंड्स’ ही योजना आणली, ती हे जाळं ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यासाठी. केंद्रं वाढतायत ही चांगली गोष्ट आहे. पण केंद्र बसवण्याचा समारंभ होतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्या बॅटरीच्या खोबणीत काय चाललंय हे पाहायला कोणी खांबावर चढत नाही, ही सरकारी केंद्रांइतकीच घरगुती केंद्रांचीही अडचण आहे.

ट्रान्समीटरच्या पोटात तीन गोष्टी वीज सांभाळतात. दिवसा सोलर पॅनल वीज तयार करतं. ती सुपरकपॅसिटर नावाच्या छोट्या डब्यात साठते. रात्र त्याच्यावर निघते. आणि तो रिकामा झालाच तर आधाराला एक-दोन सेल असतात. काही केंद्रांत सुपरकपॅसिटर नसतो, चार्ज होणारे सेलच सगळं काम करतात. नेमका कोणता प्रकार आपल्या हातात आहे, हे झाकण उघडल्याबरोबर पाहावं. चार्ज होणाऱ्या सेलच्या जागी साधे अल्कलाइन सेल घातले की पॅनल त्यांच्यात वीज ढकलत राहतं, सेल फुगतात, गळतात आणि खोबणीतल्या पट्ट्या खाऊन टाकतात.

थोडा हिशेब केला की बिघाड कुठे आहे ते दिसू लागतं. दहा फॅरडचा सुपरकपॅसिटर अडीच व्होल्टपर्यंत भरला आणि दीड व्होल्टपर्यंत वापरता आला, तर त्यातून 20 ज्यूल ऊर्जा मिळते. ट्रान्समीटर सरासरी अर्धा मिलिवॉट खात असेल, तर ही ऊर्जा 40,000 सेकंद म्हणजे 11 तासांना पुरते. जुलैत मुंबईची रात्र पावणेअकरा तासांची असते. हिशेब कसाबसा जुळतो. पण तोच सुपरकपॅसिटर पाच वर्षं बंद डब्यात, मे महिन्याच्या उन्हात तापून निम्मा झाला असेल, तर संध्याकाळी सव्वासातला सूर्य गेला की रात्री पाऊणच्या सुमाराला भांडार रिकामं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा घटकांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. त्यात पावसाळी दिवसाचा अंधुक उजेड धरला, तर सुपरकपॅसिटर संध्याकाळपर्यंत भरतच नाही. मग सगळा भार आधाराच्या सेलवर पडतो. जो सेल दोन वर्षं चालायला हवा तो चार महिन्यांत बसतो, आणि मालक नवा सेल घालून समाधान मानतो. सेल वारंवार बदलावा लागणं हीच तक्रार आहे, हे ध्यानात येईपर्यंत एखादा पावसाळा हातचा जातो.

म्हणून या विषयातला पहिला नियम असा, की पेचकस हातात घेण्याआधी नोंदी पाहाव्यात. आकडे किती वाजता थांबले आणि किती वाजता परत आले? मध्यरात्रीनंतर थांबून उजाडल्यावर सुरू होत असतील, तर दोष साठवणुकीत आहे. सरी कोसळताना थांबून दुपारच्या उघडीपीनंतर सुरू होत असतील, तर डब्यात पाणी किंवा बाष्प शिरतंय. दिवसभर तुटक तुटक येत असतील, तर बहुतेक वेळा ट्रान्समीटर धडधाकट असतो. अडथळा वाटेत असतो. मिरा रोड, भाईंदर, काशीगाव या पट्ट्यात या शेवटच्या कारणाला खास महत्त्व आहे. पावसाळ्यापूर्वी गच्चीवर गळती थांबवायला लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याची शेड घालतात. काल उघड्या गच्चीवरून खाली येणारी लहर आज पत्र्याला आणि स्लॅबमधल्या सळ्यांना अडते. अशा वेळी डिस्प्ले उचलून थेट गच्चीवर न्यावा. तिथे आकडे सुरळीत आले तर ट्रान्समीटर उघडायची गरजच नाही. खांब शेडच्या वर काढावा.

संपर्क तुटणं आणि वीज जाणं यांतला फरक पावसाच्या नोंदीत फार मोठा ठरतो. पाऊस मोजायला नरसाळ्याखाली डोलणारी वाटी असते. ठरावीक पाणी भरलं, बऱ्याच केंद्रांत 0.2 मिलिमीटर पावसाएवढं, की ती एका बाजूला कलंडते. प्रत्येक कलंडणं चुंबक आणि रीड स्विच यांच्या जोडीनं मोजलं जातं, आणि ट्रान्समीटर एकूण मोजणी पुढे पाठवत राहतो. नुसता संपर्क तुटला असेल तर ट्रान्समीटर मोजत असतोच. संपर्क परत आला की राहिलेला पाऊस एकदम जमा होतो. ट्रान्समीटरची वीजच गेली असेल तर वाटी कलंडत राहते आणि मोजणारं कोणी नसतं. तो पाऊस कायमचा गेला. म्हणून रात्री पडणारा खंड पाहिल्यावर सकाळचा एकूण आकडा आधी तपासावा. दोष कुठे आहे ते त्यातून कळतं आणि त्या दिवसाच्या नोंदीवर विश्वास ठेवायचा का, तेही.

मिठागरांजवळच्या हवेबद्दल वेगळं लिहायला हवं. समुद्रावरून येणारी खारी दमट हवा तांब्यावर हिरवट थर चढवते. स्प्रिंगचा मुलामा निघतो, खाली लोखंड गंजतं आणि बाहेरून ठीकठाक दिसणाऱ्या जोडणीतून वीज जाईनाशी होते. इथे मल्टिमीटर फसवतो. सोलर पॅनल उन्हात धरून व्होल्ट मोजले तर पॅनल मेलेलं असूनही आकडा बरोबर येऊ शकतो, कारण मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. पॅनलच्या टोकांना एक रेझिस्टर जोडून, म्हणजे थोडा भार देऊन मोजलं की खरं काय ते कळतं. सुपरकपॅसिटरचंही तसंच. व्होल्ट दिसतात, पण आतला विद्युतरोध वाढलेला असतो. ट्रान्समीटर काही सेकंदांनी लहर सोडताना क्षणभर बरीच जास्त वीज मागतो. त्या क्षणी व्होल्ट कोसळतात आणि सर्किट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मालकाला वाटतं बोर्ड गेला. गेलेला असतो तो टोपणाएवढा एक घटक.

हा घटक बदलणं ज्याला सोल्डरिंग येतं त्याला अवघड नाही. आधी तो पूर्ण रिकामा करावा, धन-ऋण टोकांची खूण पाहावी, तेवढ्याच क्षमतेचा आणि मूळच्याइतक्या किंवा थोड्या जास्त व्होल्टचा नवा घ्यावा. मुंबईत असे सुटे भाग लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळतात. गळलेल्या अल्कलाइन सेलचा पांढरा थर व्हिनेगरच्या थेंबानं निघतो, कारण तो अल्कली असतो. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून जागा कोरडी करावी. शेवटी बोर्डावर संरक्षक लेप द्यावा, पण सेन्सर, स्विच आणि सेलच्या पट्ट्या झाकूनच.

सीलिंगमध्ये एक चूक इतकी सर्रास होते की ती इथेच सांगितलेली बरी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, लावताना व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन सर्किटजवळ वापरू नये. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि बंद डब्यात ते तांबं खातं. पाणी अडवण्याच्या भरात मालक स्वतःच आत आम्ल कोंडतो. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं सिलिकॉन घ्यावं. डब्याच्या तळाचं पाणी निघायचं बारीक छिद्रही बुजवू नये. रात्री हवा गार झाली की आत बाष्प धरतंच, त्याला वाट हवी.

अँटेनाची तार तुटली असेल तर हाती लागेल ती तार जोडून चालत नाही. 433 मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरला साधारण 17.3 सेंटिमीटर, 866 च्या आसपासच्याला 8.7 सेंटिमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीचा चौथा भाग. याच संदर्भात परदेशातून येणाऱ्या केंद्रांबद्दल सावध करायला हवं. अमेरिकेत राहणारा मुलगा किंवा भाचा सुट्टीत येताना प्रेमानं बॅगेतून केंद्र आणतो. ते अनेकदा 915 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. तो पट्टा अमेरिकेत खुला आहे. भारतात 890 ते 915 मेगाहर्ट्झ मोबाइल फोनसाठी आहे. परवान्याविना वापरायला खुला आहे तो 865 ते 868 चा पट्टा. असं केंद्र दुरुस्त करण्याआधी ते इथे वापरता येतं का, हे पाहावं. नसेल येत, तर ट्रान्समीटरचा भाग भारतासाठीचा घ्यावा. वाटी, कप, पातं बरेचदा तसेच वापरता येतात.

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारेल. मुंबईवर आता दोन डॉप्लर रडार नजर ठेवून असतात, कुलाब्याचं आणि 2022 पासून जोगेश्वरीजवळच्या वेरावलीचं. पण रडार ढगातल्या थेंबांवरून पावसाचा अंदाज बांधतं; जमिनीवर किती पडला ते जमिनीवरचं भांडंच सांगतं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात 28 जुलै 1997 ला मुंबईसारखंच झालं. शहराच्या एका भागात 14 इंचांहून जास्त पाऊस पडला, दुसऱ्या भागात 2 इंचांच्या आसपास, आणि पुरानं बळी घेतले. त्यातून पुढच्याच वर्षी तिथे नागरिकांनी आपापल्या अंगणात पाऊस मोजायची ‘कोकोराझ’ नावाची चळवळ सुरू झाली आणि ती देशभर पसरली. त्यांची भांडी साधी, हातानं वाचायची असतात. त्या चळवळीची ताकद रोज न चुकता होणाऱ्या नोंदीत आहे.

त्याच कारणानं दुरुस्ती ही नव्या खरेदीपेक्षा बरी. जुना ट्रान्समीटर पुन्हा त्याच खांबावर, त्याच उंचीवर, त्याच सेन्सरसह उभा राहिला तर 2019 चा जुलै आणि 2025 चा जुलै शेजारी ठेवून पाहता येतात. नवं केंद्र, नवी जागा, नवं नरसाळं आलं की तुलना तुटते. कचऱ्यात जाणारं प्लॅस्टिक आणि बोर्ड वाचतात, तो फायदा वेगळा.

एका बाबतीत मात्र घाई करू नये. पाऊस चालू असताना, वीज कडाडत असताना गच्चीवरच्या धातूच्या खांबाला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप परिसरातल्या विजांची सूचना देतं. चढण्याआधी ते पाहावं. एका रात्रीचा आकडा गेला तर जाऊ द्यावा.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक बिघाडाची तपासणी आणि दुरुस्ती आकृत्यांसह दिली आहे. वाचकानं ती मे महिन्यात, आकाश कोरडं असताना वाचावीत आणि तेव्हाच खांबावरून ट्रान्समीटर उतरवून पाहावा : नरसाळ्यातली धूळ आणि कबुतराची पिसं काढावीत, सेलच्या पट्ट्या पुसाव्यात, पॅनल भारासह मोजावं, शेड नवी घातली असेल तर संपर्क तपासावा. दुरुस्तीची तारीख आणि बदललेला भाग नोंदवहीत लिहावा. आणि रोज सकाळी साडेआठला पावसाचा आकडा उतरवावा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठपासून साडेआठपर्यंत असतो, म्हणून काशीगावचा आकडा सांताक्रूझ आणि कुलाब्याच्या शेजारी मांडायचा तर हीच वेळ पाळावी लागते.